नाकासमोरचं घर

आपल्याकडे स्वच्छता बघायची नसते, हुंगायची असते. लादी पुसली याचा पुरावा म्हणजे फिनेलचा वास. कपाट आवरलं याचा पुरावा डांबरगोळ्यांचा. पूजा झाली हे उदबत्तीवरून कळतं, पाहुणे यायचेत हे एअर फ्रेशनरवरून, आणि आतल्या खोलीत कुणाची तरी कंबर धरली आहे हे बामवरून. शेजारच्यांनी रंग काढला की आपण जिना चढता चढता छाती भरून श्वास घेतो आणि घरी जाऊन बातमी देतो, "ऑइल पेंट दिलाय हो सगळीकडे." ज्या घराला कसलाच वास येत नाही, त्या घरातल्या बाईला काम नको असतं, असा आपला एकमुखी निकाल.

आमच्या घरातही हे सगळे वास वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं नांदत होते. मग नवरा बँकेतून निवृत्त झाला आणि त्याला घरात विष सापडायला लागलं.

बँकवाल्यांच्या रक्तातून ऑडिट जात नाही. त्यानं एका जुन्या डायरीत तीन रकाने आखले: वस्तू, विष, पर्याय. चष्मा कपाळावर चढवला आणि स्वयंपाकघरात शिरला. चहाची गाळणी कुठे असते हे ज्याला तोवर ठाऊक नव्हतं, तो माणूस ओट्याखालच्या कपाटापुढे मांडी घालून बाटल्यांच्या पाठीवरचा बारीक मजकूर मोठ्यानं वाचू लागला. दारूगोळा बंगळुरूहून यायचा. लेक रोज काहीतरी वाचायची आणि बाबांना पाठवायची. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. देवघरापाशी खुर्ची टाकून त्या सगळं ऐकत होत्या. "कुणी गेलंय का त्यानं?" एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर परत जपाला लागल्या.

पहिला बळी गेला नॉनस्टिक तव्याचा. टेफ्लॉन हे १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला फ्रीजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करताना चुकून सापडलं. ते तव्यावर आलं मात्र फ्रान्समध्ये. मार्क ग्रेगोआर नावाचा इंजिनियर १९५४ च्या सुमाराला मासेमारीच्या सामानाला टेफ्लॉन लावायची खटपट करत होता. बायको म्हणाली, त्यापेक्षा माझ्या भांड्यांना लावा. दुसरा बळी डासांच्या कॉइलचा. जपानमध्ये एइचिरो उएयामा यांनी डास पळवणाऱ्या उदबत्त्या केल्या होत्या, पण त्या बघता बघता जळून जायच्या. त्यांची बायको युकी म्हणाली, सरळ कशाला करता, वेटोळी करा, रात्रभर पुरेल. १९०२ पासून ती वेटोळी बाजारात आली.

"बघ," नवरा विजयी मुद्रेनं म्हणाला, "दोन्ही विषांच्या मागे एकेक बायको आहे."

"दोघींचेही नवरे दिवसभर घरात बसून असणार," मी म्हटलं. "हेही लिहा त्या डायरीत."

तव्याच्या बाजूनं एवढं सांगायला हवं, की रोजच्या आचेवर टेफ्लॉन मुकाट पडून असतं. रिकामा तवा मोठ्या गॅसवर विसरला, पारा २६० अंशांच्या बराच वर गेला, की ते विघटित होऊ लागतं आणि त्या धुरानं पिंजऱ्यातले पोपट दगावतात. ते बनवताना पूर्वी वापरलं जाणारं पीएफओए हे रसायन मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ साली कर्करोगकारक म्हणून जाहीर केलं. आमच्या घरी पोपट नाही. पण तव्यावरचं काळं अस्तर मंदाताईंच्या तारेच्या घासणीनं केव्हाच अर्धं उतरवलं होतं, तेव्हा तवा गेला त्याचं मला फारसं दुःख झालं नाही.

कॉइलचं प्रकरण जास्त गंभीर निघालं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण मोजले, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले. १३७! दीडशे नाही, सव्वाशे नाही. शास्त्रज्ञ घासाघीस करत नाहीत. नवऱ्यानं सिगारेट सोडली तेव्हा घरात श्रीखंड झालं होतं, सासूबाईंनी दृष्ट काढली होती. आणि त्याच रात्री आम्ही पलंगाखाली कॉइल लावून, खिडक्या घट्ट लावून, निर्व्यसनी झोपलो होतो.

नॉनस्टिकच्या जागी बिडाचा तवा आला. तो दोन हातांनी उचलायचा आणि ठेवताना ओट्याची क्षमा मागायची. दुकानदारानं सांगितलं होतं, "काका, याला आधी तयार करावं लागतं." नवऱ्यानं हे फार मनावर घेतलं. तवा दोन दिवस भाताच्या पेजेत बुडवून ठेवला. मग धुतला, पुसला, तेल लावलं, तापवला, निववला, परत तेल लावलं. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तो तापलेल्या तव्यावर गोल गोल फिरवू लागला. कांदा चरचरला, कडेनं तपकिरी झाला, घरभर वास सुटला. मला एकदम भूक लागली. सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं, "भजी का?" पहिला डोसा तव्याला जो चिकटला तो उलथन्यानं खरवडून शिरा म्हणून खाल्ला. दुसराही तसाच. पुढचे काही धड सुटले, धड नाही. आणि मग एक डोसा कडेनं आपला आपण उचलला गेला, मध्ये जाळी पडलेला, कुरकुरीत, पालथी बशी सोन्याची असावी तसा. तीस वर्षं मी दिलेला डोसा पेपरातून डोकं वर न काढता खाणारा हा माणूस तो डोसा हातात घेऊन खिडकीपाशी गेला आणि उजेडात धरून बघत राहिला. मला तेव्हाच वाटलं, आता हा सुधारण्यापलीकडे गेला.

मग झाडं आली. १९८९ साली नासानं अभ्यास केला होता, घरातली झाडं हवेतली विषारी द्रव्यं शोषतात म्हणून. नासाचं नाव निघालं की आपण प्रश्न विचारत नाही. स्नेक प्लांट, मनी प्लांट, स्पायडर प्लांट, सगळे प्लांट दाखल झाले. नंतर लेकीनंच खुलासा पाठवला. तो प्रयोग छोट्या, बंद पेट्यांमध्ये केला होता. २०१९ साली दोघा संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले. उघड्या खिडकीतून जेवढी हवा पालटते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशोब निघाला. आमचा हॉल दहा बाय बाराचा, म्हणजे अकरा चौरस मीटर. नवऱ्यानं कॅल्क्युलेटर काढला: कमीत कमी एकशे दहा कुंड्या, जास्तीत जास्त अकरा हजार.

"मग आपण कुठे बसायचं?" सासूबाई म्हणाल्या.

दरम्यान डेंग्यूच्या पाहणीला आलेल्या बाईंनी कुंड्यांखालच्या बशांमध्ये वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या आणि बशा एकामागून एक उपड्या केल्या. म्हणजे हवा शुद्ध करायला झाडं आणली, झाडांनी डास आणले, आणि डास घालवायला कॉइल लावली असती, तर १३७ सिगारेटींपाशी येऊन वर्तुळ पूर्ण झालं असतं. मच्छरदाणी बाहेर काढली. ती बांधायला चार खिळे नव्या घराला कुठून असणार? एक कोपरा कपाटाच्या मुठीला, एक पडद्याच्या दांडीला, एक खिडकीच्या गजाला, आणि चौथा रात्री ज्याला आधी उठावं लागतं त्याच्या नशिबाला.

स्वयंपाकघरात व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांचं राज्य सुरू झालं. हे जोडपं मोबाइलवर फार लोकप्रिय आहे. सिंकमध्ये सोडा टाकायचा, वर व्हिनेगर ओतायचं, फसफसून फेस येतो, बघणारा टाळी वाजवतो. आम्ल आणि अल्कली एकमेकांना गारद करतात, फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि मागे राहतं ते सोडियम ॲसिटेटचं मिळमिळीत पाणी. आम्ही दहावीला हेच करून मार्क मिळवले होते. दोघांना वेगवेगळं वापरलं तर दोघंही कामाचे आहेत. एकत्र आले की नुसता फेस. मी यावर अधिक काही बोलले नाही, आमच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता.

खरी लढाई मंदाताईंशी. मंदाताई आमच्याकडे लादी-भांडी करतात आणि वासावर त्यांची श्रद्धा आहे. बादलीत फिनेलचं झाकण नव्हे, धार पडते. पाणी दुधाळ झालं की त्यांचा चेहरा खुलतो. "ताई, दारातून आत येणाऱ्याला कळायला पायजे की पुसलंय." नवरा त्यांना समजावू लागला, की लिंबाच्या, पाइनच्या वासाची जी द्रव्यं असतात, ती हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्माल्डिहाइड तयार करतात. मंदाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "काकांना आता कामाला लावा कुठंतरी," त्या मला म्हणाल्या.

एका बाबतीत मात्र मी नवऱ्याच्या पाठीशी ठाम उभी राहिले, आणि इथे विनोद बाजूला ठेवते. संडास चकचकीत व्हावा म्हणून मंदाताई आधी ॲसिडवालं क्लीनर ओतायच्या आणि त्यावर ब्लीचिंग पावडर भुरभुरवायच्या. दोन औषधं म्हणजे दुप्पट गुण. या दोघांच्या संगतीतून क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली ईपरच्या लढाईत जर्मनांनी फ्रेंच सैनिकांवर सोडला होता तोच. दार लावून, उकिडवं बसून, डोळ्यांची आग होत असताना बाई तो हुंगत घासत असते, आणि आपल्याला वाटतं काम मन लावून करते. त्या दिवशी एक बाटली घराबाहेर गेली. मंदाताईंचा खोकला बराच कमी झाला, पण त्याचं श्रेय त्यांनी गावच्या देवीला दिलं.

मग माळ्यावरची ट्रंक उतरवली. ट्रंकेचं झाकण उघडलं की डांबरगोळ्यांचा जो भपकारा येतो, त्याला आपण परंपरा समजतो. ही गोळी म्हणजे नॅप्थलीन, मूळची डांबरातून काढलेली. घन असतानाच उडून जाते, आणि कुठे जाते तर शालूत, गोधडीत आणि आपल्या नाकात. ट्रंकेत लेकीची झबली-टोपरी होती, तिच्या बाळासाठी जपून ठेवलेली. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एक विकर जन्मतःच कमी असतं. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे न धुता घातले, तर अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. हे वाचून नवऱ्यानं सगळी झबली धुऊन गॅलरीत दोरीवर टांगली. दोन दिवस बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडे बघून मंद हसत होत्या. माझं वय एकोणसाठ आहे.

"पूर्वी कसं सगळं शुद्ध होतं," ट्रंकेपाशी बसून नवरा म्हणाला. आणि सासूबाईंचा जप थांबला.

"शुद्ध? कुणाकडे?" त्या म्हणाल्या. "ओली लाकडं फुंकून फुंकून डोळ्यांना धारा लागायच्या. तुझी आजी चुलीपुढे बसून खोकायची, ती उन्हाळ्यातही खोकायची. डी.डी.टी.वाले यायचे, भिंतींवर मारायचे, दारावर तारीख घालून जायचे. तुझे वडील फ्लिटचा पंप घेऊन पलंगाखाली फवारायचे, वर तू निजलेला. पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की रॉकेल. पातेल्याची कल्हई उडाली आणि त्यात आमटी राहिली की कळकायची, मग सगळं घर रात्रभर मोरीत. आणि शुद्ध म्हणे."

हे सगळं खरंच आहे. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलरना १९४८ साली नोबेल मिळालं, आपल्याकडे १९५३ पासून मलेरियाविरुद्ध ती सरसकट मारली गेली, मलेरिया बराच हटलाही. तिच्या धोक्यांवरचं रेचल कार्सनचं पुस्तक १९६२ साली आलं तेव्हा कुठे लोक दचकले. त्याही मागे जा. १७७५ साली शीले या शास्त्रज्ञानं आर्सेनिकपासून सुंदर हिरवा रंग केला आणि पुढे युरोपातल्या श्रीमंतांनी तो वॉलपेपरवर चढवून त्या खोल्यांत बाळंतपणं केली. प्रत्येक पिढी आपल्या आवडीचं विष हौसेनं घरात आणते. आजीच्या चुलीबद्दल गळा काढणाऱ्यांनी एकदा बंद खोलीत ओल्या बाभळीवर चार भाकऱ्या थापून दाखवाव्यात, एवढंच माझं म्हणणं.

तर डायरीतली पानं भरत गेली आणि 'पर्याय' या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द येऊ लागला: खिडकी. फोडणी देताना खिडकी, पुसल्यावर खिडकी, रंग दिल्यावर खिडकी. फुकट असल्यामुळे हा उपाय कुणी जाहिरातीत दाखवत नाही. पण आपल्याकडे खिडकी उघडणं इतकं सोपं नाही. थंडीत पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत दबून बसते, म्हणून सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी कितीही 'काय ताजी हवा' म्हटलं तरी खिडकी दुपारी उघडलेली बरी. दुपारी समोरच्या बांधकामावर फरशी कापतात. आणि दिवेलागणीला तर धर्मसंकटच. लक्ष्मी त्याच वेळी येते म्हणून दार उघडं हवं, डासही त्याच वेळी येतात म्हणून सगळं बंद हवं. शेवटी खिडक्यांना जाळ्या बसवल्या. सासूबाईंनी जाळीवाल्याला विचारून घेतलं, की यातून फक्त डासच अडतात ना.

एकेक वास निघून गेला तसं घर आधी भकास वाटायला लागलं. पाहुण्यांना उगाच 'आत्ताच पुसलंय हं' असं सांगावंसं वाटायचं. आणि मग हळूहळू खालचे वास वर आले. माठात वाळ्याची जुडी टाकली होती, ती पाण्याच्या घोटात लागायला लागली. रवा भाजत आला की घड्याळ न बघता कळायला लागलं. चहात गवती चहाची पात टाकली हे बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला समजू लागलं, आणि त्यानं ते बोलूनही दाखवलं, जे त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं. संध्याकाळी कोपऱ्यावरून मोगऱ्याच्या चार कळ्या आणून नुसत्या वाटीत ठेवल्या तर रात्री उठून पाणी प्यायला जाताना वाट दिसावी इतका त्यांचा पत्ता लागायचा. आणि जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा पाऊस दिसायच्या आधी मातीचा वास आत आला. त्या वासाला ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली पेट्रिकोर असं नाव दिलं. कनौजचे अत्तरवाले मात्र भाजलेल्या मातीतून तो वास काढून, चंदनाच्या तेलात मुरवून, कुपीत भरून विकतात. आमच्याकडे तो फुकट आला आणि मी दळणाचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले. गिरणी बंद झाली. त्या रात्री पोळ्यांऐवजी भात.

त्याआधी, मे महिन्यात, गोधड्या उन्हात घालायच्या होत्या. सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं. नवऱ्यानं लिहिलं, 'ऊन'.

"ऊन हे कारण होत नाही, काका," सेक्रेटरी म्हणाले. "टाकी, अँटेना किंवा गळती."

नवऱ्यानं खोडून 'शयनसाहित्याचं निर्जंतुकीकरण' असं लिहिलं, तेव्हा किल्ली मिळाली. तिसऱ्या दिवशी गच्चीवर अर्ध्या बिल्डिंगच्या गाद्या, उशा, पापड, मिरच्या आणि एक रिटायर्ड पोस्टमास्तर वाळत पडलेले होते. उन्हातून उतरवलेल्या गोधडीत तोंड खुपसलं की जो वास येतो त्याला माझ्या मते अत्तरात जोड नाही. लेकीनं लगेच माहिती पाठवली, की ओले टॉवेल उन्हात वाळवले की त्यांवर आल्डिहाइड आणि कीटोन जातीची सुगंधी द्रव्यं तयार होतात, संशोधकांनी मोजली आहेत.

"आल्डिहाइड?" नवरा पलंगावरून ताडकन उठला. "फॉर्माल्डिहाइडचंच भावंड ते!" आणि डायरी शोधू लागला.

डायरी सापडली नाही. सासूबाई त्या दिवशी जरा जास्तच एकाग्रतेनं जप करत होत्या आणि त्यांच्या खुर्चीवरची उशी नेहमीपेक्षा बोटभर उंच होती.

उदबत्तीला हात लावायची हिंमत मात्र आम्हा दोघांत नव्हती. धूर तो धूरच, देवापुढचा असला म्हणून फुप्फुसाला कळत नाही. पण हे चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला सांगायचं कुणी? एक दिवस त्यांनीच उदबत्तीचा पुडा माझ्या हातात दिला. "देवाला फूल पुरतं ग," त्या म्हणाल्या. "उदबत्ती मी मंदाच्या फिनेलचा वास मारायला लावत होते."

आणि एअर फ्रेशनर मी आणला होता, तो उदबत्तीचा वास मारायला.

राहता राहिल्या मंदाताई. फिनेल बंद झालं, साध्या साबणाच्या पाण्यानं लादी पुसायची ठरली. पहिल्या दिवशी त्यांनी बादलीत बघून नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी फडकं तीनदा पिळलं. आठवडा झाला तसं मला दिसायला लागलं, की कोपरे पुसले जात आहेत, सोफा सरकवला जातो आहे, दाराच्या मागची जळमटं गेली आहेत. महिनाअखेरीला त्या पदराला हात पुसत पुढ्यात उभ्या राहिल्या.

"ताई, दोनशे वाढवायला लागतील."

"का हो? काम तर तेवढंच आहे."

"तेवढंच कसं? वास होता तवा कोण बघत होतं? आता खरंच पुसावं लागतंय."

नवऱ्यानं फिनेलचे वाचलेले पैसे, उदबत्तीचे वाचलेले पैसे आणि मंदाताईंचे दोनशे यांचा हिशोब मांडायला कागद मागितला. मी पाकीट आणायला आत गेले.